विष मोजले, हानी केव्हा मोजणार?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात देशातील शंभर औद्योगिक क्षेत्रांपैकी तारापूर ९३.६९ गुणांसह सर्वाधिक प्रदूषित ठरले. चिंचणी हे त्याच्या शेजारचेच गाव. विषाचे मोजमाप झाले. परंतु त्या विषापायी चिंचणी ते नवापूर या किनाऱ्यावरील कुटुंबांनी काय गमावले, याचा हिशेब कोणत्या दप्तरात आहे?

कारखान्याचे उत्पादन रुपयांत मांडता येते. निर्मळ खाडी बाजारात विकली जात नाही, म्हणून धोरण ठरविताना तिची किंमत शून्य धरली जाते. ‘स्वच्छ पाण्यासाठी आपण किती पैसे द्याल?’ असे लोकांना विचारण्याची एक पद्धत आहे. पण हातावर पोट असलेला मच्छीमार काय उत्तर देणार? त्याची रिती थैली हे समुद्राचे मूल्य नव्हे.

दुसरा मार्ग अधिक न्याय्य आणि अल्पखर्ची आहे. युरोपात नागरिकांच्या जीवनसमाधानाच्या नियमित पाहण्या प्रदूषणाच्या नोंदींशी ताडून अर्थतज्ज्ञांनी स्वच्छ हवेचे मूल्य काढले. आपल्याकडेही कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, राष्ट्रीय नमुना पाहणीतील औषधोपचाराचा खर्च आणि सागरी मच्छीमारांची गणना हाताशी आहे.

अडचण आहे ती सरासरीची. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी स्थापन झाला, तरी २०१५-१६ च्या आरोग्य सर्वेक्षणात तो ठाण्यातच मोजला गेला. २०१९-२१ मध्ये स्वतंत्र आकडे आले. पण वसई-विरारची वस्ती, जव्हार-मोखाड्याचे डोंगर आणि चिंचणीचा किनारा एकाच सरासरीत विरून गेले. उपाय अवघड नाही. अनेक वर्षांचे किनारी नमुने एकत्र करावेत आणि औद्योगिक पट्ट्यालगतच्या गावांची दूरच्या किनारी गावांशी तुलना करावी. आजारपण, खर्च आणि मासेमारीतील तफावत त्यातून स्पष्ट होईल.

अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेच्या याचिकेवर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने जानेवारी २०२२ मध्ये कोट्यवधींची भरपाई ठोठावली. भरपाई ही हानी झाल्यानंतरची गोष्ट. धोरणाचे मूल्य मात्र आधी कळावे लागते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील ‘गोप’ पाच-दहा गावांतील घरोघरच्या आयव्ययाची नोंद ठेवीत असे. आज नोंदी आहेत, त्या एकत्र वाचणारा नाही. जवळच्या वाढवण बंदराचा ७६ हजार कोटींहून अधिक खर्च सर्वांना ठाऊक आहे. बंदर हवे की नको, हा वाद वेगळा. पण तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे, हे जाणण्याचा किनाऱ्याचा अधिकार निर्विवाद आहे.