कादंबरीतला पाद्री

मराठी कादंबरीत पाद्री आला की त्याने 'माय सन' म्हणायचे आणि मोडके मराठी बोलायचे, हे ठरलेलेच! वास्तविक फादर स्टीफन्स जन्माने इंग्रज. १६१६ साली छापलेले सुमारे अकरा हजार ओव्यांचे त्यांचे क्रिस्तपुराण मराठीतच आहे.

हाच आळस आमच्या खानदेशी माणसालाही भोवतो. धुळ्याकडच्या पावऱ्याच्या तोंडी बिघडवलेली पुणेरी घालायची आणि तिला अहिराणी म्हणायचे! पावरी वेगळी, अहिराणी वेगळी, जळगावची लेवा बोलीही वेगळी. त्या लेवा बोलीतली बहिणाबाईंची गाणी अवघ्या महाराष्ट्राने आपली मानली. चार शब्द पेरणे म्हणजे संशोधन नव्हे. लेखकमहाशयांनी शिरपूरच्या बाजारात महिनाभर कान उघडे ठेवून बसावे. तेवढी सवड नसेल तर पात्राला सरळ प्रमाण मराठीत बोलू द्यावे. त्याची बोली कोणती, हे निवेदनात एकदा सांगितले की पुरे.