'कर' लागला की गाव सुटले

रोज सकाळी प्रार्थना झाली की मी वर्गाची हजेरी घेतो. एका बाकावर कंधारकर, त्याच्या शेजारी अर्धापूरकर, मागे येरावार, दाराजवळ दोन पाटील. पण आमच्या मुदखेडच्या शाळेत मुदखेडकर मात्र एकही नाही! आहे की नाही गंमत?

जरा विचार करा. मुदखेडात राहणाऱ्याला मुदखेडकर म्हणून काय उपयोग? इथे सगळेच मुदखेडचे. तोच माणूस आपल्या जंक्शनवर गाडीत बसून परभणीला गेला, तिथे त्याने दुकान टाकले, की लोक विचारणार, "हे नवे शेठजी कोण हो?" "ते होय, ते मुदखेडकर." झाले! लेकरांना, नातवंडांना तेच नाव चिकटले. म्हणजे 'कर' ही बहुतेक वेळा गाव सोडल्याची खूण असते. (अपवाद असतातच, लगेच हात वर करू नका!) नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य आणि मोठे विचारवंत नरहर कुरुंदकर (१९३२-१९८२) यांचे नाव मोठ्यांकडून ऐकले असेल. त्यांच्या आडनावातले कुरुंदा हे गाव वसमतजवळ, आजच्या हिंगोली जिल्ह्यात आहे.

आणि येरावारमधला 'वार' कुठला? तो तेलुगू 'वारु'. अमक्या घराण्याचे लोक, असा त्याचा अर्थ. देगलूर, बिलोली, धर्माबाद ही गावे तेलुगू मुलखाला लागूनच आहेत. तिकडून इकडे आलेली घराणी मराठी बोलू लागली, पण आडनावाच्या शेपटात तेलुगू राहिलेच.

आता एका फार लांब गेलेल्या 'कर'ची गोष्ट सांगतो. इस्रायल देशात अश्दोद, दिमोना, लोद, बीरशेबा अशी शहरे आहेत. तिथे तुम्हांला पेणकर, रोहेकर, किहीमकर भेटू शकतात! पेण, रोहा आणि किहीम ही तर आपल्या रायगड जिल्ह्यातली गावे. मग हे लोक तिथे कसे?

हे बेने इस्रायल, म्हणजे 'इस्रायलची लेकरे'. धर्माने ज्यू, भाषेने मराठी. त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या एक कथा सांगतात. फार वर्षांपूर्वी त्यांच्या पूर्वजांचे जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटले. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. पोथ्यापुस्तके समुद्राने नेली. ही झाली परंपरेची कथा. पण शास्त्रज्ञांनीही २०१६ साली त्यांच्या रक्तातल्या आनुवंशिक खुणा तपासल्या, तेव्हा पश्चिम आशियातल्या ज्यूंशी आणि भारतीयांशी, दोघांशीही नाते निघाले.

कोकणात ते घाण्यावर तेल काढू लागले. शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, म्हणून शुक्रवारी सूर्य मावळला की घाणा बंद. शेजारी त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. नावेही मराठी वळणाची झाली. सॅम्युएलचा झाला सामाजी, इझिकेलचा हसाजी! आणि गावाला 'कर' जोडून आडनावे आली: नवगावकर, झिराडकर, दिवेकर, चेऊलकर.

पुढे पुष्कळजण इंग्रजांच्या पलटणीत आणि मुंबईत नोकरीला लागले. सामाजी हसाजी दिवेकर हे असेच पलटणीतले अधिकारी. टिपू सुलतानाशी झालेल्या लढाईत ते कैद झाले. सुखरूप परत आले, तेव्हा १७९६ साली त्यांनी मुंबईत मांडवी भागात बेने इस्रायलांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. मराठीत लोक त्याला 'जुनी मशीद' म्हणत, आणि त्यावरूनच लोकल गाडीच्या 'मस्जिद' स्टेशनाचे नाव पडले असे सांगतात. म्हणजे मशीद म्हणायचे आणि आत ज्यूंची प्रार्थना! नावांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये तो असा.

मुंबईत गेल्यावर पुष्कळांचा 'कर' गळूनही पडला. डॉ. ई. मोझेस हे १९३७-३८ साली मुंबईचे महापौर होते. त्यांचे आडनाव होते राजपूरकर, पण रस्त्याच्या पाटीवर फक्त 'डॉ. ई. मोझेस मार्ग'. जुन्या सिनेमांतले टकलू, हसरे डेव्हिड काका तुमच्या आजीआजोबांना नक्की आठवतील. 'बूट पॉलिश' (१९५४) मधले जॉन चाचा तेच. त्यांचे पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर, म्हणजे अष्टागरातल्या चौलचे.

१९४८ साली इस्रायल देश स्थापन झाला. ज्यूंचा आपला देश! बेने इस्रायल कुटुंबे बोचकी बांधून निघाली. इथे त्यांना कोणी छळले नव्हते बरे का, हे ते स्वतःच आवर्जून सांगतात. त्या काळी भारतात ते वीस हजारांच्या आसपास होते, आज काही हजारच उरले आहेत.

पण आपल्या म्हणवलेल्या देशात काय घडले पाहा. १९६२ साली तिथल्या मुख्य धर्मगुरूंनी हुकूम काढला: बेने इस्रायलांच्या मुलामुलींची लग्ने इतर ज्यूंशी लावण्याआधी त्यांचे मूळ तपासा. आई ज्यू होती का? आजी होती का? तिची आई? कोकणातल्या खेड्यात पणजीच्या आईचा दाखला कोण जपून ठेवणार! ज्यांनी शेकडो वर्षे शनिवारी घाणा बंद ठेवला, त्यांनाच विचारले गेले, तुम्ही खरे ज्यू का? मला तरी हा प्रश्न फार कठोर वाटतो. ती माणसे गप्प बसली नाहीत. मोर्चे काढले, १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये धरणे धरून बसली. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने जाहीर केले, की बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यूच आहेत, त्यांना दुजाभाव करता येणार नाही.

तिथे काहींनी हिब्रू आडनावे घेतली, काहींनी पेण आणि रोहा तसेच ठेवले. शुभप्रसंगी अजून 'मलिदा' होतो. काय असते त्यात? पोहे, ओले खोबरे आणि गूळ! आणि 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिकही त्यांनी इस्रायलमधून काढले.

आता तुमची पाळी. तुमच्या आडनावात गाव असेल तर ते नकाशात शोधा. तालुका, जिल्हा, जवळची नदी वहीत लिहा. मग घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा, "आपण तिथून का निघालो?" दुष्काळ, नोकरी, भांडण, लग्न, रझाकारांचा काळ... जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवा. आडनाव पाटील, कुलकर्णी किंवा जोशी असेल, तर ते कामावरून आले, गाव वेगळे विचारावे लागेल. आणि 'वार' वाल्यांनो, घरात अजून कोणते तेलुगू शब्द चालतात, त्यांची यादी करायला विसरू नका.