रेल्वे वेगवान झाली; साध्या प्रवाशाचे काय?

गेल्या काही महिन्यांत भारतीय रेल्वेने देशाच्या नकाशावरील दोन मोठ्या रिकाम्या जागा भरून काढल्या. ६ जून २०२५ रोजी चिनाब नदीवरील ३५९ मीटर उंचीच्या पुलाचे उद्घाटन झाले आणि काश्मीरचे खोरे देशाच्या उर्वरित लोहमार्गाशी जोडले गेले. त्यापाठोपाठ १३ सप्टेंबर २०२५ रोजी बैरबी ते सैरांग हा मार्ग सुरू होऊन मिझोरामची राजधानी ऐझॉलच्या उंबरठ्यापर्यंत आगगाडी पोहोचली. आसामातील दिब्रुगडहून निघणारी विवेक एक्स्प्रेस तर २०११ पासूनच चार हजार किलोमीटरहून अधिक अंतर कापत तीन दिवसांनी कन्याकुमारीला पोहोचते आहे. एवढा अवाढव्य देश एका तिकिटावर पाहता यावा, ही सोय जगातील फार थोड्या देशांतील सामान्य माणसाला लाभली आहे.

मात्र हे तिकीट हाती असलेल्या माणसाला गाडीत पाय ठेवायला जागा मिळते काय, हा प्रश्न या सोहळ्यांच्या गजरात मागे पडतो. गेल्या दोन वर्षांतील दोन घटनांनी तो पुन्हा ऐरणीवर आणला. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे वांद्रे टर्मिनसवर गोरखपूरकडे जाणाऱ्या, संपूर्णपणे अनारक्षित असलेल्या अंत्योदय एक्स्प्रेसमध्ये चढताना चेंगराचेंगरी होऊन नऊ-दहा प्रवासी जखमी झाले. दिवाळी आणि छटपूजेसाठी गावी निघालेली ही माणसे होती. पुढे १५ फेब्रुवारी २०२५ च्या रात्री नवी दिल्ली स्थानकावर महाकुंभाला निघालेल्या गर्दीत अठरा जणांना प्राण गमवावे लागले. दोन्ही ठिकाणी गाडी रुळांवरून घसरली नव्हती की सिग्नल चुकला नव्हता. गाडीत बसण्यापूर्वीच हे अपघात झाले.

तिकिटाला मर्यादा नाही

या प्रश्नाचे मूळ अनारक्षित तिकिटाच्या स्वरूपात आहे. आरक्षित डब्यात जेवढ्या शायिका तेवढेच निश्चित प्रवासी. त्यापुढील सारे प्रतीक्षा यादीत. जनरल डब्याच्या तिकिटाला असा कोणताही हिशेब लागू नाही. साधारण शंभर आसनांच्या डब्यासाठी किती तिकिटे विकली गेली, याचा ताळा गाडी सुटण्यापूर्वी कोणी घेत नाही. वास्तविक रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम ५७ नुसार प्रत्येक डब्यातील कमाल प्रवासीसंख्या निश्चित करणे आणि ती डब्यावर ठळकपणे लावणे रेल्वे प्रशासनावर बंधनकारक आहे. डब्यावर आसनसंख्या रंगवलेली असतेही. परंतु तिकीट खिडकीचा तिच्याशी संबंध राहिलेला नाही. नवी दिल्लीतील दुर्घटनेनंतर दिल्ली उच्च न्यायालयाने नेमक्या याच मुद्द्यावर रेल्वेला जाब विचारला. क्षमतेपेक्षा जास्त तिकिटे विकता कशासाठी, असा त्या प्रश्नाचा रोख होता.

मुंबईतील लोकमान्य टिळक टर्मिनसवर सणासुदीला किंवा उन्हाळी सुटीत फेरी मारली, की या कलमाची अवस्था डोळ्यांनी पाहता येते. गाडीच्या वेळेआधी कित्येक तास जनरलच्या डब्यासाठी रांग लागते. सुरक्षा दलाचे जवान प्रवाशांना ओळीने खाली बसवतात, मग टप्प्याटप्प्याने सोडतात. दाराशी पोहोचेपर्यंत डबा भरलेला असतो. उरलेले प्रवासी सामान ठेवण्याच्या फळीवर, दारात, प्रसाधनगृहाच्या वाटेवर बसून तीस-पस्तीस तास काढतात. यातील बहुतेकांनी पैसे भरून तिकीट काढलेले असते, हे विसरून चालणार नाही.

डब्यांचे गणित

जास्त डबे का जोडत नाहीत, असा साधा प्रश्न प्रवासी विचारतो. त्याचे उत्तर फलाटांच्या आणि स्थानकांतील बाजूच्या मार्गांच्या लांबीत आहे. जुन्या पद्धतीच्या डब्यांची गाडी फार तर चोवीस डब्यांची होत असे. नव्या, अधिक सुरक्षित एलएचबी डब्यांची लांबी जास्त असल्याने त्याच जागेत बावीसच डबे मावतात. अशा मर्यादित लांबीच्या गाडीत एक वातानुकूलित डबा वाढवायचा, तर एक साधा डबा काढावा लागतो. एलएचबी शयनयान डब्यात ८० शायिका असतात. त्याच्या जागी वातानुकूलित तृतीय श्रेणीचा डबा आला की ७२ प्रवाशांची सोय होते. पण ते प्रवासी दुसरे असतात. स्वस्तात झोपून जाणारे ऐंशी जण जनरलच्या दाराशी जातात. गेल्या काही वर्षांत अनेक गाड्यांच्या रचनेत हा बदल घडत गेला आणि जनरलमधील गर्दी वाढण्याचे ते एक प्रमुख कारण ठरले. प्रवाशांच्या तक्रारी वाढल्यानंतर रेल्वेने मेल-एक्स्प्रेस गाड्यांना जनरलचे डबे पुन्हा जोडण्यास सुरुवात केली, ही गोष्ट या निदानाला दुजोराच देते.

रेल्वे प्रशासनाची बाजू सर्वस्वी निराधार नाही. एका प्रवाशाला एक किलोमीटर नेण्यासाठी १ रुपया ३८ पैसे खर्च येतो आणि त्याच्याकडून ७३ पैसेच घेतले जातात, अशी आकडेवारी रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी संसदेत मांडली आहे. हा तोटा मालवाहतुकीच्या उत्पन्नातून भरून काढला जातो. प्रवासी वाहतुकीत दीर्घकाळ खर्च भागवत आलेली श्रेणी म्हणजे वातानुकूलित तृतीय श्रेणी. तिचे डबे वाढवण्याकडे व्यवस्थापनाचा कल असणे व्यवहाराच्या दृष्टीने स्वाभाविक म्हणावे लागेल. देशातील एकूण डब्यांपैकी सुमारे ७० टक्के डबे अजूनही वातानुकूलनाविना आहेत आणि पुढील काही वर्षांत असे आणखी सुमारे १७ हजार डबे बांधले जाणार आहेत, हेही सरकार आवर्जून सांगते. तथापि, देशभराच्या सरासरीने वांद्रे किंवा कल्याणच्या फलाटावरील माणसाचे समाधान होत नाही. ज्या मार्गावर, ज्या आठवड्यात मागणी उसळते, तेथे किती साधी आसने उपलब्ध आहेत, हाच खरा निकष होय.

भाडेवाढीचा बागुलबुवा

भाडेवाढ हा आपल्याकडे नेहमीच राजकीय विषय राहिला आहे. पण २०२५ मधील दोन्ही भाडेवाढींचा हिशेब मांडला तर वेगळेच चित्र दिसते. १ जुलै २०२५ पासून मेल-एक्स्प्रेसच्या बिगर-वातानुकूलित प्रवासासाठी किलोमीटरमागे एक पैसा, तर २६ डिसेंबर २०२५ पासून आणखी दोन पैसे वाढले. मुंबई ते गोरखपूर या सुमारे १,७०० किलोमीटरच्या प्रवासाला दोन्ही मिळून पन्नासएक रुपये अधिक पडतात. फलाटावर रात्र काढणाऱ्या मजुराला ही रक्कम नगण्य नाही. पण त्याची मुख्य तक्रार भाड्याची नसते, जागेची असते. शायिका मिळण्याची खात्री असेल तर याहून अधिक रक्कम मोजण्याची अनेकांची तयारी आहे. आज तीच माणसे दलालाला किंवा खासगी बसमालकाला त्याच्या कितीतरी पट पैसे देतात.

नियमांतील अलीकडच्या बदलांचाही याच दृष्टीने विचार व्हायला हवा. आगाऊ आरक्षणाची मुदत १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आणली गेली. जुलै २०२५ पासून तत्काळ तिकिटासाठी आधार पडताळणी सक्तीची झाली. दलालांना आळा घालण्याचा यामागील हेतू स्तुत्य आहे. प्रतीक्षा यादीतील प्रवाशांना आरक्षित डब्यांत प्रवेश नाकारण्याचा नियमही कठोरपणे राबवला जाऊ लागला. निश्चित तिकीट असलेल्यांना त्यामुळे दिलासा मिळाला, यात शंका नाही. पण आरक्षित डब्यातून उतरवलेला प्रवासी घरी परत जात नाही. तो जनरलच्या डब्यात शिरतो. एका डब्यातील शिस्तीचा भार अशा रीतीने शेजारच्या डब्यावर पडतो. ज्येष्ठ नागरिकांची भाडेसवलत २० मार्च २०२० रोजी कोरोनाच्या काळात स्थगित झाली, ती पूर्ववत झालेली नाही. निवृत्तीनंतर देश पाहू इच्छिणाऱ्या मध्यमवर्गीय दांपत्याच्या दृष्टीने हा खर्चातील मोठाच फरक आहे.

दंडवते यांची वाट

या संदर्भात महाराष्ट्राला एका रेल्वेमंत्र्याचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. रेल्वेतील तिसरा वर्ग १९७४ मध्ये कागदोपत्री संपला, पण लाकडी फळ्यांचे बाक कायम राहिले. १९७७ मध्ये राजापूरचे खासदार प्रा. मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या शायिकांना दोन इंच जाडीच्या गाद्या बसवण्याचा निर्णय घेतला. २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई आणि हावडा यांच्या दरम्यान वर्गविरहित गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली. पहिल्या वर्गाला खाली न ओढता दुसऱ्या वर्गाला वर नेण्याची त्यांची भूमिका होती. त्या निर्णयाला फार मोठा निधी लागला नव्हता. रेल्वेचा मुख्य प्रवासी कोण, याविषयी मंत्र्याच्या मनात संदेह नव्हता, एवढेच.

पुढे लालूप्रसाद यादव यांच्या काळात २००६ मध्ये कमी भाड्याची वातानुकूलित गरीब रथ आली. २०१७ मध्ये अंत्योदय आणि ३० डिसेंबर २०२३ रोजी अमृत भारत एक्स्प्रेस सुरू झाली. दोन्ही टोकांना इंजिन असलेली, साध्या आणि शयनयान डब्यांची ही अमृत भारत गाडी योग्य दिशेचे पाऊल आहे. तिच्या फेऱ्या वाढत आहेत, पण फेब्रुवारी २०१९ मध्ये पहिली धावल्यापासून दीडशेच्या पुढे गेलेल्या वंदे भारत सेवांना मिळालेली गती आणि प्रसिद्धी तिच्या वाट्याला अद्याप आलेली नाही.

आणखी एक बदल लक्षात घ्यायला हवा. स्वतंत्र रेल्वे अर्थसंकल्प २०१६ मध्ये शेवटचा मांडला गेला. तो मांडणारे सुरेश प्रभूही कोकणचेच. नव्या गाड्यांच्या घोषणांचा बाजार त्यामुळे थांबला, हे चांगलेच झाले. परंतु साध्या प्रवाशाच्या वाट्याला काय आले, यावर वर्षातून एकदा होणारी सविस्तर चर्चाही त्याबरोबर आक्रसली.

काय करता येईल?

हजार किलोमीटरहून लांबच्या गाड्यांपुरते तरी अनारक्षित तिकीट ठरावीक गाडीला आणि संख्येला बांधणे तांत्रिकदृष्ट्या आज अवघड नाही. मात्र डबे न वाढवता केवळ तिकिटे रोखली, तर फलाटावरील गर्दी घटेल आणि माणूस गावाला मुकेल. म्हणून प्रत्येक लांब पल्ल्याच्या गाडीत साध्या डब्यांची किमान संख्या निश्चित करणे, सणांच्या विशेष गाड्या आरक्षणाच्या साठ दिवसांच्या मुदतीपूर्वीच जाहीर करणे आणि श्रेणीनिहाय उपलब्ध आसनांचा मार्गवार तपशील दरवर्षी संसदेपुढे ठेवणे, ही कामे हातात हात घालून व्हावी लागतील. मालगाड्यांसाठीच्या स्वतंत्र मार्गांमुळे जुन्या रुळांवर जी मोकळी जागा होत आहे, तिचा किती हिस्सा साध्या गाड्यांना मिळणार, याचा निर्णयही आताच व्हायला हवा.

मे २०२० मध्ये श्रमिक विशेष गाड्यांनी सुमारे ६३ लाख लोकांना घरी नेण्याचे काम सुरू केले, तेव्हा हा प्रवासी देशाला प्रथमच ठळकपणे दिसला. त्याच महिन्यात, ८ मे रोजी पहाटे, जालन्याहून भुसावळच्या दिशेने पायी निघालेले सोळा मजूर औरंगाबादजवळ करमाड येथे रुळांवर झोपलेले असताना मालगाडीखाली सापडले. गावाकडे नेणारी गाडी मिळेल, या आशेवर ते चालले होते. महामारी ओसरली. त्यांच्यासारखे लाखो जण आजही त्याच आशेने फलाटावर रांगेत बसतात. चिनाबच्या पुलाचा अभिमान बाळगताना त्या रांगेची लांबी मोजण्याची जबाबदारी रेल्वे मंत्रालयाला टाळता येणार नाही.