रक्तातले हमाल

दिवाळीच्या आधी घरोघर माळे उपसले जातात. अडगळ दारात येऊन पडते आणि मग खरा प्रश्न उभा राहतो : ही आता उचलून न्यायची कोणी? वाचकहो, आपल्या रक्तालाही हा प्रश्न रोजचाच आहे.

रोगजंतू रक्तात शिरला, की प्रतिपिंडे त्याला चिकटतात. पाठोपाठ 'पूरक' नावाची प्रथिने त्याच्यावर येऊन बसतात. या पूरक द्रव्याचा माग ज्यूल बोर्डे या बेल्जियन शास्त्रज्ञाने काढला. १९१९ चे नोबेल पारितोषिक त्याचेच. काही जंतू पूरक प्रथिने स्वतःच फोडतात. पुष्कळांवर मात्र नुसती खूण होते. ती ओळखून जंतूला धरणारे हात पेशींच्या अंगावर असतात. त्यांना म्हणतात 'पूरक-ग्राही'.

पांढऱ्या पेशींना असे हात असावेत, याचे मला नवल वाटले नाही. जंतू गिळणे हा त्यांचा धंदाच. नवल वाटले ते तांबड्या पेशींचे! त्या प्राणवायू वाहतात, एवढेच आपण शाळेत घोकले. खूण झालेले जंतू त्यांनाही चिकटतात, हे रॉबर्ट नेल्सन यांनी १९५३ साली दाखवले. ज्या ग्राहीमुळे हे घडते, तो 'सीआर-१', डग्लस फिअरन यांनी १९८० साली ओळखून काढला. तांबडी पेशी हे ओझे यकृतात आणि प्लीहेत पोचवते. तिथल्या भक्षक पेशी ते उतरवून घेतात आणि स्वारी पुन्हा आपल्या फेरीला निघते.

ही हमाली तुंबली, तर ओझे मूत्रपिंडांच्या चाळणीत साचून दाह होऊ शकतो. 'ल्युपस' या रोगात मूत्रपिंडे पुष्कळदा बिघडतात आणि रोग्याच्या तांबड्या पेशींवर सीआर-१ कमी आढळतो. हा रोग पुरुषांपेक्षा स्त्रियांना, त्यातही तरुण वयात, फार अधिक.

सीआर-१ पूरक प्रथिनांना लगामही घालतो. नाहीतर ती आपल्याच पेशींवर उलटायची. बरे, हा हात नुसता वाढवावा म्हटले, तर हिवतापाचा फाल्सिपेरम जंतू तोच धरून तांबड्या पेशीत शिरू शकतो! म्हणून 'प्रतिकारशक्ती वाढवा' ही जाहिरात दिसली, की मी विचारतो : नेमके काय वाढवायचे? खूण करणारे, उचलणारे, की आवरणारे?

घरातल्या मुलीचे सांधे दुखत असतील, गालांवर चट्टा उठत असेल, पाय सुजत असतील, तर 'दगदग झाली असेल' म्हणून शक्तिवर्धकाची बाटली आणू नका. आधी डॉक्टरांना दाखवा आणि त्यांच्या सल्ल्याने रक्त व लघवी तपासून घ्या.