शेवटची नजर सिस्टरची: आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. ना. प्रकाश आबिटकर,
सार्वजनिक आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री तथा पालकमंत्री, कोल्हापूर जिल्हा

विषय: जोतिबाच्या चैत्र यात्रेतील वैद्यकीय कक्षांत औषध देण्याची सुरक्षित पद्धत

महोदय,


जोतिबाची चैत्र यात्रा काय असते, हे कोल्हापूरच्या पालकमंत्र्यांना मी वेगळं सांगायला नको. चैत्र पौर्णिमेला सासनकाठ्या नाचवत लाखो माणसं वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर येतात आणि दुपारपर्यंत माणूस, पायरी, शिखर सगळं गुलालाच्या एकाच रंगाचं होऊन जातं. नियोजनाच्या बैठकीत पाणी, पार्किंग, एसटी आणि बंदोबस्ताबरोबर आरोग्याचाही विषय येतो: कक्ष किती, रुग्णवाहिका किती, औषधसाठा किती. या हिशेबात न मावणारा एक प्रश्न घेऊन मी लिहिते आहे. साठ्यातलं औषध माणसाच्या अंगात जाताना त्यावर शेवटची नजर सिस्टरची असते. ती नजर नीट पडावी, अशी सोय कक्षाच्या मांडवात आपण करतो का?

मी निवृत्त सिस्टर ट्यूटर आहे. औषध देण्याचे नियम मुलींकडून घोकून घेण्यात माझी नोकरी गेली. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. आणि दिल्यावर लगेच नोंद. झोपेतून उठवलं तरी विद्यार्थिनी हे म्हणून दाखवते. पण हे नियम वॉर्डात घडले. तिथे खाटेला नंबर असतो, केसपेपर असतो, औषधांचं कपाट असतं. डोंगरावरच्या मांडवात यातलं काहीच नसतं.

पहिला नियम घ्या, योग्य रुग्ण. जोतिबाच्या यात्रेत ‘जोतिराम पाटील’ अशी हाक मारून बघा, बाकावरचे दोघे-तिघे तरी उठतील. सगळ्यांचे चेहरे गुलाबी, सगळ्यांचे सदरे गुलाबी. ‘तुम्ही पाटील ना?’ असं विचारलं तर दमलेला माणूस ‘व्हय’ म्हणून मोकळा होतो. म्हणून सिस्टरने नाव स्वतः सांगायचं नसतं, रुग्णाकडून वदवून घ्यायचं असतं: पूर्ण नाव, गाव, वय, आणि ‘कुठलं औषध अंगावर उठतं का?’ याला अर्धं मिनिट लागतं. मागे रांग खोळंबलेली असताना पहिला बळी जातो तो याच अर्ध्या मिनिटाचा.

दुसरा नियम योग्य औषधाचा. लेबल तीनदा वाचायचं: डब्यातून काढताना, सिरिंजमध्ये ओढताना आणि रिकामी अँप्युल टाकताना. आता तो ट्रे डोळ्यांसमोर आणा. बोटाच्या पेराएवढ्या काचेच्या अँप्युल, त्यांवर मुंगीएवढी अक्षरं, वरून हॅलोजनचा झगझगाट आणि हवेत उधळलेला गुलाल. ओल्या काचेवर तो बसला की नाव आणि ताकद दोन्ही झाकली जातात. मळमळीची, ॲसिडिटीची आणि ॲलर्जीची इंजेक्शनं एकाच खोक्यात खडखडत असतील, तर सराईत सिस्टरही लेबलाऐवजी काचेचा रंग आणि आकार ओळखून हात घालते. तिथेच घात होतो.

मात्रेचं गणित तर यात्रेकरूपासूनच सुरू होतं. उन्हाने गळालेल्या माणसाला ओआरएस देतात. त्याचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात कालवायचं असतं, छोटं 200 मिलिलिटरमध्ये. मोठं पाकीट एका पेल्यात ढवळून पाजलं, तर क्षारांचा भार वाढून अपाय होतो. इन्सुलिनचंही तसंच. आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यांत बहुधा मिलिलिटरला 40 युनिटची व्हायल असते आणि तिची सिरिंज लाल टोपणाची. 100 युनिटवाली सिरिंज नारिंगी टोपणाची. 40ची व्हायल आणि नारिंगी सिरिंज अशी गाठ पडली, तर औषध अडीच पट कमी जातं. उलट झालं तर अडीच पट जास्त, आणि माणूस साखर उतरून बेशुद्ध पडतो. साखर उतरायला दर वेळी सुईच लागते असंही नाही. मधुमेहाची गोळी घेऊन, उपाशीपोटी, माघातल्या खेट्याला, म्हणजे जोतिबाच्या पायी वारीला, डोंगर चढणाऱ्या माणसाला चक्कर आली की पहिल्यांदा बोट टोचून साखर बघायची, हे सिस्टरला ठाऊक असतं. तिच्या हाताशी ग्लुकोमीटर हवा, आणि त्याच्या पट्ट्या मुदतीतल्या हव्यात. काही मात्रा तर नेहमीच्या समजुतीला धक्का देतात. साप चावलेल्या मुलाला प्रतिविषाच्या तेवढ्याच व्हायल लागतात जेवढ्या मोठ्या माणसाला, कारण सापाने विष घालताना वय पाहिलेलं नसतं. हे आयत्या वेळी पुस्तकात शोधण्याचं ज्ञान नव्हे.

मार्गाचं महत्त्व ॲड्रेनॅलिनइतकं दुसरं कुठलं औषध शिकवत नाही. मधमाशीने किंवा एखाद्या इंजेक्शनने जीवघेणी ॲलर्जी उठली, श्वास कोंडला, बीपी कोसळलं, तर मोठ्या माणसाला एक मिलिग्रॅमच्या अँप्युलमधलं अर्धं औषध मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत द्यायचं. त्याने जीव वाचतो. तेच न पातळ करता घाईने शिरेतून ढकललं, तर हृदयाची लय बिघडून जीव जाऊ शकतो. अँप्युल तीच, हातही तोच.

आणि यात्रेतली सर्वांत मोठी मागणी कसली? ‘सिस्टर, येवढी एक सुई टोचा की, गुडघं लई ठणकाय लागल्यात.’ सुई टोचल्याशिवाय गुण येत नाही, ही समजूत आपल्या भागात मुरलेली आहे. ही सुई बहुधा डायक्लोफिनॅकची असते. पाणी कमी पडलेल्या शरीरात ती मूत्रपिंडाला जड जाते, काही दमेकऱ्यांचा दमा उसळवते, आणि गर्दीत, उभ्याउभ्या, कंबरेत चुकीच्या जागी बसली तर पायाची नस कायमची दुखावू शकते. गुलालाने आधीच धाप लागलेल्या माणसाला ‘दम्याचा त्रास आहे का?’ हे विचारून हात आखडता घेणारी सिस्टर, दिलेल्या शंभर सुयांइतकंच मोलाचं काम करत असते. पण त्या न दिलेल्या सुईची नोंद कुठल्याच रजिस्टरात होत नाही.

महोदय, अशा चुका झाल्यावर आपण काय करतो, याचं उदाहरण महाराष्ट्रासमोर आहे. 31 जानेवारी 2021 रोजी, पोलिओ लसीकरणाच्या दिवशी, यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात कापसीकोपरी गावी 12 लहान मुलांना लसीऐवजी सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुलांना उलट्या झाल्या, यवतमाळच्या रुग्णालयात दाखल करावं लागलं. सुदैवाने ती बचावली. संबंधितांवर निलंबनाची कारवाई झाली, देशभर बातम्या आल्या. जबाबदारी ठरलीच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण निलंबनाने टेबलाची मांडणी बदलत नाही. कोरोनाच्या काळात लसीकरणाच्या टेबलांवर सॅनिटायझर हा नवा पाहुणा आला होता. पोलिओच्या कुपीवर गोलात चौकोन अशी खूण असते. लस उष्णतेने खराब झाली की चौकोनाचा रंग बदलतो. दर कुपी उघडण्याआधी ती खूण बघायचा हात घटवलेला असेल, तर सॅनिटायझरची बाटली हातात येताच बोटं थबकतात, कारण तिच्यावर ती खूणच नसते. माणसाला काढून टाकणं सोपं असतं. थबकण्याची सवय लावायला तालीम लागते.

जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये औषधांमुळे होणारी टाळण्याजोगी गंभीर हानी पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याची मोहीम जाहीर केली. अशा चुकांचा जगभरचा खर्च वर्षाला सुमारे 42 अब्ज डॉलर असल्याचा अंदाजही तेव्हा मांडला. त्या मोहिमेचा रोख एकट्यादुकट्या चुकलेल्या माणसावर नव्हता. औषध लिहिणं, ठेवणं, देणं आणि तपासणं या सगळ्या साखळीवर होता. आपल्या राज्यात उपकेंद्रातली एएनएम (साहाय्यक परिचारिका) आकडी आलेल्या बाळंतिणीला मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस, दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम, देऊन तिला पुढे पाठवते. एवढा विश्वास शासनाने तिच्यावर टाकलेलाच आहे. त्या विश्वासाला साजेशी मांडणी यात्रेच्या मांडवात द्या, एवढंच मागणं आहे.

माझ्या मागण्या पाच आहेत, आणि त्यांतली एकही तिजोरीला जड नाही.

एक: प्रत्येक कक्षात औषधाचा आदेश लेखीच असावा. जिवावर बेतलं असेल तरच तोंडी. तेव्हाही सिस्टरने औषध आणि मात्रा मोठ्याने परत म्हणावी, डॉक्टरांनी ‘हो’ म्हणावं आणि मागाहून लिहावं.

दोन: सगळ्या कक्षांतल्या औषधपेटीची रचना एकसारखी असावी. गायमुखाजवळच्या सिस्टरला मंदिराजवळच्या कक्षात पाठवलं, तरी ॲड्रेनॅलिन त्याच कप्प्यात सापडलं पाहिजे. सारख्या दिसणाऱ्या अँप्युल वेगळ्या ठेवाव्यात. स्पिरिट, सॅनिटायझर, फिनेल औषधाच्या टेबलावर नकोत. तीव्र पोटॅशियम क्लोराइड तर मांडवात येऊच नये.

तीन: औषध भरण्याची जागा आडोशाची, गुलाल न पोचणारी आणि पांढऱ्या उजेडाची असावी. तिथे उभ्या सिस्टरला त्याच वेळी नाव लिहायला, पट्टी बांधायला किंवा पाहुण्यांना चहा द्यायला कुणी बोलवू नये.

चार: यात्रेआधी अर्धा दिवस तालीम व्हावी. कायम, कंत्राटी, शिकाऊ, सगळ्यांची. कोल्हापूरच्या नर्सिंग महाविद्यालयांतल्या शिक्षिका ती आनंदाने घेतील. सीपीआर रुग्णालय आणि परिचर्या शिक्षण वैद्यकीय शिक्षण खात्याकडे आहे, आणि ते खातं कागलच्या मा. हसन मुश्रीफ यांच्याकडे. दोन्ही मंत्री एकाच जिल्ह्याचे असण्याचा योग वारंवार येत नाही. एका फोनचं काम आहे.

पाच: हुकलेल्या चुकांची वही ठेवावी. ‘चुकीची अँप्युल हातात आली होती, लेबल वाचून परत ठेवली’, असं निर्धास्तपणे लिहिता यावं, आणि लिहिणारीला नोटीस येणार नाही, असं आपल्या सहीचं परिपत्रक निघावं.

माणसं कमी आहेत, असं उत्तर येईल. खरंच कमी आहेत. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे, आणि यात्रेच्या मांडवात तो कुणी मागतही नाही. पण माणसं कमी असतात तेव्हाच मांडणी चोख लागते. भरपूर माणसं असली, तर एकीची नजर चुकली तरी दुसरीची पडते. एकटी असेल तर तिला लेबल, उजेड आणि लेखी कागद यांचाच आधार.

यात्रा उरकल्यावर आढावा बैठकीत किती रुग्ण तपासले, हा आकडा वाचला जातो. यंदा त्याच्या शेजारी आणखी एक आकडा मागवा: किती वेळा सिस्टरने औषध देता देता हात थांबवला. तो शून्य आला, तर सगळं सुरळीत पार पडलं असं समजून फाईल बंद करू नका. कुणाला थांबून बघायला उसंतच मिळाली नाही, असं समजा आणि पुढच्या यात्रेची तयारी तिथून सुरू करा.

कळावे,
आपली,
एक निवृत्त सिस्टर ट्यूटर