मालाचे वजन मोजले, माणसाची भूमिका कोण मोजणार?

ऑक्टोबर २०२० मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी चाकणला २० किलो मेफेड्रोन, म्हणजेच एमडी पकडले. किंमत सांगितली २० कोटी. याच गुन्ह्यातील एक आरोपी पुढे पुण्याच्या ससून रुग्णालयात महिनोन्‌महिने दाखल राहिला आणि २ ऑक्टोबर २०२३ रोजी तिथून पळाला. पंधरवड्यानंतर तो सापडला. त्याचा दोष न्यायालय ठरवील. आमचा प्रश्न वेगळा आहे. अशा धंद्यात दोन पैशांसाठी पिशवी पोहोचवणारा कंत्राटी पोरगा पकडला गेला, तर त्याच्यासाठी रुग्णालयाची खाट कोण मिळवून देतो?

अमली पदार्थविरोधी कायदा १९८५ चा. २००१ च्या दुरुस्तीने शिक्षा मालाच्या वजनाला बांधली गेली. एमडी ५० ग्रॅमवर गेले की ते व्यावसायिक प्रमाण. मग माल परदेशातून आणलेला असो की चाकणच्या खोलीत ठेवलेला, शिक्षा १० ते २० वर्षे सक्तमजुरी आणि किमान एक लाख दंड. न्यायाधीशाला दहाच्या खाली येता येत नाही. कलम ३२-ब मध्ये शिक्षा वाढवण्याची सहा कारणे दिली आहेत. कमी करण्याचे एकही नाही.

२०२१ मध्ये पंजाबातील एक किलो हेरॉइनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १५ वर्षांची शिक्षा कायम केली. आरोपी गरीब आहे, नुसता वाहक आहे, घरातला एकटा कमावता आहे, एवढ्यावरून सवलत मिळणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. न्यायालयाची चिंता आम्हाला कळते. एमडीने आमच्याच वस्त्यांतील पोरे नासतात. विष विकणाऱ्याची वकिली आम्ही करणार नाही.

पण मालक आणि हमाल एकाच तराजूत कसे? इंग्लंडमध्ये २०१२ पासून न्यायालये वजनाबरोबर भूमिकाही पाहतात: सूत्रधार कोण, हुकूम पाळणारा कोण, दबावाखाली आलेला कोण. आपल्याकडे ही तपासणी झाली, तरी दहा वर्षांच्या वरच होते.

बाबासाहेबांच्या घटनेतील कलम १४ म्हणजे साऱ्यांना एकाच काठीने हाकणे नव्हे. वाहकाची भूमिका सिद्ध झाल्यास दहाच्या खाली येण्याचा अधिकार न्यायाधीशाला द्या, ही मागणी संसदेत गेली पाहिजे. तोवर चळवळीतील वकिलांनी एक काम करावे. शिक्षेपूर्वी आरोपीचे म्हणणे ऐकणे न्यायालयाला बंधनकारक आहे. ती सुनावणी दोन मिनिटांत उरकू देऊ नये. मोफत कायदेशीर मदतीचे कलम ३९-अ कागदावर राहिले, तर मोठा मासा निसटेल आणि वस्तीतले पोरगे वीस वर्षे आत सडेल.