प्रयोगशाळेत हात बसण्यासाठी

लस बनवणारी संस्था असो, किण्वनावर चालणारा कारखाना असो की ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा असो, तेथील रोजचे काम ज्यांच्या हातून पार पडते त्यांतील बहुतेक जण संशोधक नसतात. पोषक माध्यम तयार करणे, त्याचा सामू जुळवणे, ते ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करणे, मायक्रोपिपेटने मायक्रोलिटरच्या हिशेबात द्रव मोजणे आणि केलेल्या प्रत्येक कृतीची त्याच वेळी नोंद ठेवणे ही तंत्रज्ञाची कामे आहेत, आणि ती वाचून नव्हे तर पुन्हा पुन्हा करूनच येतात. असे तंत्रज्ञ घडवणे हेही आपलेच काम आहे असे आपल्या महाविद्यालयांनी अजून मनापासून मानलेले नाही, असे या मासिकाचे स्पष्ट मत आहे.

प्रात्यक्षिकाच्या तासाला एका लॅमिनारपुढे, म्हणजे गाळलेल्या निर्जंतुक हवेच्या झोतात काम करण्याच्या टेबलापुढे, अख्खी बॅच उभी राहते, एक-दोघे कृती करतात, बाकीचे निरीक्षणे उतरवून घेतात, आणि जर्नलवर सही झाली की प्रयोग झाला असे समजले जाते. ही उणीव भरून काढण्यासाठी भरवल्या जाणाऱ्या दोन दिवसांच्या कार्यशाळांनी प्रमाणपत्रांची भर पडते. हात मात्र बसत नाही.

वटारसारख्या गावाचा विचार केला तर हा प्रश्न अधिक जवळून दिसतो. नालासोपारा आणि विरार या स्थानकांच्या पश्चिमेला, समुद्राकडे पसरलेल्या वसईच्या बागायती पट्ट्यात हे गाव आहे. केळी, भाजीपाला, फुले आणि नागवेलीची पाने ही या पट्ट्याची जुनी ओळख, आणि राजेळी केळीपासून होणारी आगाशीची सुकेळी तर साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत. येथील मुले विज्ञान शाखेसाठी विरार-वसईच्या महाविद्यालयांत जातात, परंतु घरामागच्या वाडीतील केळीचा मुनवा त्यांच्या प्रयोगशाळेत क्वचितच पोहोचतो. जैवतंत्रज्ञानातील प्राथमिक हस्तकौशल्ये शिकवण्यास त्याहून योग्य साहित्य शोधून सापडणार नाही. मुनव्याच्या गाभ्यातील वाढणारा कोंब काढून त्याचे बाह्य निर्जंतुकीकरण करायचे. मुराशिगे आणि स्कूग या शास्त्रज्ञांनी 1962 मध्ये प्रसिद्ध केलेले, आजही सर्वत्र वापरले जाणारे माध्यम सामू 5.8 च्या आसपास आणून 121 अंश सेल्सिअसला निर्जंतुक करायचे. त्यावर कोंब ठेवून तीन-चार आठवड्यांनी फुटवे वेगळे करायचे आणि नव्या बाटल्यांत हलवायचे. शेवटी मुळे फुटलेली रोपे शेडनेटखाली बाहेरच्या हवेला सरावू द्यायची, ज्याला हार्डनिंग म्हणतात. यातील प्रत्येक पायरीवर चूक झाली तर ती लपत नाही, कारण हात अस्वच्छ असेल तर बाटलीत बुरशी वाढते आणि दूषित बाटल्यांचे प्रमाण हेच शिकणाऱ्याचे खरे गुणपत्रक ठरते.

शिस्तीचा दुसरा धडाही याच कामात आहे. ऊतीसंवर्धित रोपांच्या प्रमाणीकरणाची राष्ट्रीय व्यवस्था केंद्रीय जैवतंत्रज्ञान विभागाने 2006 मध्ये उभी केली. तिच्यानुसार रोपे विषाणूमुक्त असल्याची चाचणी करावी लागते, आणि केळीच्या पुनर्संवर्धनाच्या फेऱ्या आठपुरत्या मर्यादित ठेवाव्या लागतात, कारण फेऱ्या वाढल्या की मूळ झाडाहून वेगळी रोपे निपजण्याचा धोका वाढतो. कोणती बाटली कितव्या फेरीची आहे हे नोंदवहीत नसेल तर ती रोपे शेतकऱ्याच्या हाती देता येत नाहीत, हे सतरा वर्षांच्या मुलालाही काम करताना आपोआप उमगते.

शाळेच्या वयात हे जमेल का, ही शंका महाराष्ट्रात तरी उरायला नको. खाद्यतंत्रज्ञानातील संशोधन सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला, आणि आठवी ते दहावीच्या मुलांना आठवड्यातला एक दिवस शेती-पशुपालन, ऊर्जा-पर्यावरण, अभियांत्रिकी व गृह-आरोग्य या विषयांचे प्रत्यक्ष काम देणारा ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय तेथून राज्यातील अनेक शाळांत गेला. त्या पद्धतीचे मर्म असे की, मुलांनी केलेले काम गावाच्या उपयोगाचे असले पाहिजे; फेकून देण्यासाठी केलेल्या नमुन्यातून काळजी घेण्याची सवय लागत नाही. अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजे, म्हणजे स्थानिक विद्यार्थ्यांसाठीची कमी शुल्काची दोन वर्षांची महाविद्यालये, हेच तत्त्व उद्योगाशी जोडतात: टेक्सासमधील ऑस्टिन कम्युनिटी कॉलेजात नवउद्योगांची प्रयोगशाळा महाविद्यालयाच्या आवारातच आहे आणि माध्यमिक शाळेतील मुलांनाही जैवतंत्रज्ञानाचे श्रेयांक मिळवता येतात.

आपल्याकडे चौकटीची वाण नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने व्यावसायिक शिक्षण शाळेपासून सुरू करण्यास सांगितले आहे, पदवी अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षणाला श्रेयांक आहेत, आणि हार्डनिंगसारख्या टप्प्यासाठी डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्राचा अनुभव याच पालघर जिल्ह्यात उपलब्ध आहे. वाण आहे ती वेळापत्रकातील सलग दिवसाची आणि प्रयोगशाळा सहायकाच्या प्रतिष्ठेची; जो माणूस ऑटोक्लेव्ह वर्षानुवर्षे सांभाळतो तो अनेकदा उत्तम प्रशिक्षक असतो, पण त्याला शिकवण्याचा अधिकार कोणी देत नाही. खर्चाची अडचण खरी आहे, तथापि एक लॅमिनार चार शाळांनी वाटून घेणे अशक्य नाही.

विभागप्रमुखांना विनंती अशी की, येत्या जूनपासून आठवड्यातला एक पूर्ण दिवस अशा कामासाठी राखावा, त्यात जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयातील मुलांना जागा द्यावी, आणि पहिल्या सहामाहीअखेर दूषित बाटल्यांचे महिनावार प्रमाण या मासिकाकडे पाठवावे. आलेले आकडे, चांगले असोत वा वाईट, जसेच्या तसे छापले जातील.